नकाशात नसलेलं टाकं

आमच्या गावात एक रिवाज आहे. कागद घेऊन आलेल्या माणसाला काही सांगायचं नाही. त्याला चहा पाजायचा, बसायला घोंगडी टाकायची, पोराबाळांची चौकशी करायची, आणि तो कामाचं विचारू लागला की मान हलवून म्हणायचं, "न्हाई बा, हितं तसलं काय न्हाई." धरणाच्या वेळी ज्यांनी खरं खरं सांगितलं त्यांचीच जमीन आधी मोजली गेली, अशी आमच्या आधीच्या पिढीची समजूत. ती खरी की खोटी मला माहीत नाही, पण रिवाज पक्का बसला. आणि मी त्याच गावची असून माझी सगळी नोकरी कागद घेऊन जाणाऱ्यांच्या बाजूनं झाली. मी नकाशे काढायची.

गाव पवनानगरच्या पुढे. जीप जिथं वळते तिथं उतरायचं आणि पाऊण तास चालायचं. वरच्या आळीत शेतकरी, खालच्या आळीत आम्ही बौद्ध. माझे वडील रेल्वेत गँगमन होते, त्यामुळे मी वाढले खंडाळ्याच्या क्वार्टर्समध्ये. पण उन्हाळ्याची सुट्टी लागली की मला गावाला आत्याकडे धाडून देत. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तरुणपणी नवरा वारला तशी ती माहेरी परत आली आणि भावाच्या वाट्याची भातखाचरं कसत राहिली. शाळेत गेली नाही, अजूनही अंगठा उठवते. पण गावात तिच्या शब्दाला जी किंमत होती ती सरपंचाच्या शिक्क्यालाही नव्हती, आणि त्याला कारण होतं टाकं.

गावामागच्या डोंगराच्या पोटात एक लहानसं लेणं आहे. कार्ल्याला आणि भाज्याला जाणारे लोक ते बघून हसतील. एक खोली, अर्धाच कोरून सोडून दिलेला एक खांब, आणि बाहेर उजव्या हाताला खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. टाक्यात उतरायला खडकातच पायऱ्या आहेत. त्या पाण्यात शिरायच्या आणि काळ्या होत होत दिसेनाशा व्हायच्या. एकूण किती, हे कुणालाच माहीत नव्हतं. टाक्याला तळ नाही असं आम्हा पोरींना सांगत, आणि मी ते बराच काळ खरं मानलं.

गावच्या विहिरीवर आमच्या माणसांना येऊ देत नसत त्या काळात खालची आळी या टाक्याचं पाणी प्यायची. मग एका दुष्काळात वरच्या आळीची विहीर आटली आणि त्यांच्या बायका हंडे घेऊन टाक्याच्या काठाशी येऊन उभ्या राहिल्या. बोलल्या काही नाहीत, नुसत्या उभ्या. आमच्या घरातली एक बाई तेव्हा खाली पाण्याशी होती. तिनं वर येऊन एकीच्या हातातला हंडा घेतला आणि भरून दिला. तेव्हापासून टाकं दोन्ही आळ्यांचं झालं, आणि पायऱ्या मोजायचा मान आमच्या घराकडे आला.

ही मोजणी वर्षातून एकदा, वैशाखी पौर्णिमेला सकाळी. खालच्या आळीची माणसं मेणबत्त्या आणि पांढरी फुलं घेऊन वर जातात, लेण्यात वंदना होते. वरच्या आळीच्या मते टाक्यात आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवी, राहतात, म्हणून त्यांच्या बायका काठावर हळदकुंकू वाहतात. यावरून कधी कुरबूर झालीच नाही असं मी म्हणणार नाही. पण आत्या चपला काढून पायऱ्या उतरू लागली की सगळे गप्प व्हायचे. पाण्याला पाय लागला की ती थांबायची, ओलं बोट कपाळाला लावायची, आणि वर येताना एकेक कोरडी पायरी मोठ्यानं मोजायची. ती "एक" म्हणाली की वरचे सगळे "एक" म्हणायचे. चार किंवा पाच आल्या की वर्ष बरं. सहा आल्या तर त्या साली गरवं भात लावायचं नाही, लवकर पिकणारं हळवं लावायचं. सात फक्त एकदा आल्या होत्या, आत्या मुलगी असताना. सातच्या पुढचा आकडा टाक्यावर कुणी उच्चारलेला नव्हता.

आणि ही मोजणी बाहेरच्याला सांगायची नाही, हे वेगळं सांगायला नकोच. पुरातत्त्ववाले आले तर तारेचं कुंपण घालतील, मेणबत्ती लावू देणार नाहीत, हळदकुंकू वाहू देणार नाहीत, अशी दोन्ही आळ्यांना सारखीच धास्ती. बाकी कशावर गावाचं एकमत होत नसे, यावर होतं.

मी ज्या कंपनीत होते तिचं ऑफिस लोणावळ्यात एका भाड्याच्या बंगल्यात होतं. पावसाळ्यात धुकं खिडकीतून आत यायचं आणि नकाशांचे कागद ओल्या पापडासारखे लोंबायचे. एक दिवस विजेच्या मोठ्या प्रकल्पाचं काम आलं. डोंगराच्या माथ्यावर एक तलाव, पायथ्याला एक तलाव, आणि दोन्हींना जोडणारा डोंगराच्या पोटातून जाणारा बोगदा. वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवून ठेवायचं, आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज करायची. मला ती कल्पना आवडली होती आणि आजही आवडते. धूर नाही, कोळसा नाही. कुणी मला विजेची शत्रू ठरवणार असेल तर आधीच सांगते, आत्याच्या घरात पहिला दिवा लागला तेव्हा सगळ्यात मोठ्यानं टाळ्या मी वाजवल्या होत्या.

डोंगर कुठला ते मला उंचीच्या रेषांवरूनच ओळखू आलं. बोगद्याची रेषा टाक्याच्या अगदी जवळून जात होती.

आमच्या कामात पहिल्या काही आठवड्यांत सगळंच हलतं असतं. रेषा संगणकावर असली तरी आम्ही तिला पेन्सिलीची रेषाच म्हणायचो. माऊसनं धरून ओढली की सरकते. कुणाचं घर आडवं आलं, ओढा आला, जंगलखात्याचा तुकडा आला, की रेषा थोडी इकडे, थोडी तिकडे. त्या वेळी तिला सरकवायला एका माणसाचा अर्धा तास लागतो. पुढे त्याच रेषेवर परवानग्या चढतात, ठेके चढतात, मग यंत्रं चढतात, आणि मग ती ब्रह्मदेवाच्या बापालाही हलत नाही. म्हणजे विचारायचं असेल तर तेव्हाच विचारायचं. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी तेच काम वर्षानुवर्षं करत होते.

मी साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे आमचे प्रकल्पप्रमुख. माणूस वाईट नव्हता. माझ्या वडिलांच्या आजारपणात त्यांनी मला न मागता रजा दिली होती.

"सर, इथं एक लेणं आहे," मी पडद्यावर बोट ठेवलं. "आणि पाण्याचं टाकं."

"संरक्षित स्मारकांच्या यादीत आहे?"

"नाही. पण आहे. मी लहानपणापासून जाते तिथं."

"आपल्या फील्डवाल्यांनी काय लिहिलंय?"

फील्डवाल्यांनी लिहिलं होतं की स्थानिक ग्रामस्थांकडे चौकशी केली असता तसे काही नसल्याचे समजले. ते स्थानिक ग्रामस्थ कोण हेही मला माहीत होतं. वरच्या आळीतले थोरले शेतकरी, ज्यांना सगळं गाव भाऊ म्हणतं. भाऊंनी त्यांना दोनदा चहा पाजला होता आणि वर काकडी खायला घातली होती.

"पुरातत्त्व खात्याला एक पत्र टाकून विचारूया का?" मी म्हणाले. "आत्ता रेषा हलतीय. नकाशावर अर्धं बोट पलीकडे नेली तरी पुरे."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बाई, आधी विचारणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. विचारलं की उत्तर येतं. उत्तर आलं की ते फाइलला लागतं. मग पाहणी, मग अहवाल, मग पुन्हा पाहणी. पुढे कुणी हरकत घेतली तर बघू. आत्ता नऊ नंबरला निरंक टाका. तुमचा ठिपका पुढच्या रिव्हिजनला घेऊ."

अर्जाचा नववा रकाना होता, प्रकल्पक्षेत्रातील वारसास्थळे. मी त्यात 'निरंक' लिहिलं. सरकारी कागदात जिथं सांगण्यासारखं काही नसतं तिथं हा शब्द लिहायची पद्धत आहे, आणि तोवर मी तो शेकडो वेळा लिहिला होता. मग नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत सही केली. माझी सही मराठीत असते. वडिलांनी शिकवलेली, पूर्ण नावाची, आणि खालच्या रेघेला शेवटी एक गाठ. "आपल्या लोकांनी सही अशी करावी की लांबून दिसली पाहिजे," असं ते म्हणायचे. आत्याच्या बँकेच्या, रेशनच्या, सगळ्या कागदांवर तिच्या अंगठ्याशेजारी साक्षीदार म्हणून हीच सही असायची. ती लिहिलेलं वाचू शकत नसे, पण त्या गाठीवर बोट फिरवून म्हणायची, "ही आमची."

दोन-तीन दिवसांनी तिचा फोन आला. गावात यंत्रं लावून मोजणारी माणसं येऊन गेल्याचं तिनं पाहिलं होतं.

"तुज्याच हापिसातली का गं ती?"

"हो."

"मंग टाकं लिवलंस का कागदावर?"

मला आश्चर्य वाटलं. "तुम्हीच ना म्हणता बाहेर सांगायचं नाही म्हणून?"

"त्ये इच्चारनाऱ्याला. तू का भाईरची हाईस? डोंगरात भोकं पाडनार म्हनत्यात. कुंपन घालतील तर घालू देत, पर पानी ऱ्हाया पायजे. लिवलंस का?"

साहेब समोर उभे होते, त्यांना छापून हवे असलेले तीन नकाशे माझ्या हातात होते, आणि मला घाई होती. एवढंच. यापेक्षा मोठं कारण सांगता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"हो आत्या, लिहिलंय," मी म्हणाले.

मनात म्हटलं, पुढच्या रिव्हिजनला टाकणारच आहे, म्हणजे खोटं थोडंच आहे. माणूस स्वतःला फसवतो तेव्हा असलाच बारीक हिशोब मांडतो.

पुढे जनसुनावणी झाली. रस्त्याच्या कडेला मांडव घातला होता, खुर्च्या मांडल्या होत्या, आणि मी व्यासपीठाच्या बाजूला नकाशांच्या गुंडाळ्या घेऊन बसले होते. गावची माणसं मागच्या रांगांत होती. अधिकाऱ्यांनी विचारलं, कुणाला काही सांगायचंय का? तेव्हा भाऊ उठून उभे राहिले. ज्या माणसानं आयुष्यभर कागदवाल्यांना 'काय न्हाई' सांगितलं तो माणूस हातात टोपी घेऊन उभा होता आणि तोंड उघडत होता. तेवढ्यात आत्यानं त्यांच्या बाहीला धरून खाली ओढलं, कानात काही बोलली. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि ते बसले.

ती काय बोलली ते मला भाऊंनी नंतर सांगितलं. भाऊ आत्याला मावशी म्हणतात. "मावशी म्हनल्या, बसा भाऊ, माज्या भाचीनं लिवलंय समदं. ती काय तितं उगाच बसलीय व्हय?"

मी त्या मांडवात उठून उभी राहू शकले असते. माझ्या खुर्चीपासून माइकपर्यंत चार पावलं होती. मी गुंडाळ्या मांडीवर घट्ट धरून बसून राहिले, आणि सुनावणी जेवणाच्या वेळेआधी संपली.

पुढची रिव्हिजन आली ती रस्त्याच्या रुंदीसाठी. तिच्या पुढची खांबांच्या जागांसाठी. दोन्ही वेळा मी ठिपक्याचा विषय काढला, आणि दोन्ही वेळा साहेब म्हणाले की आता मंजूर नकाशात नवीन काही घातलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या वेळी ते चिडले. मला ते बरोबर वाटत होतं, हीच वाईट गोष्ट. आता खरंच उशीर झाला होता, आणि उशीर आम्हीच केला होता.

मग यंत्रं आली. डोंगराच्या पायथ्याला बोगद्याचं तोंड उघडलं. रोज दुपारी आधी भोंगा व्हायचा, मग थोडा वेळ काहीच नाही, मग जमिनीतून एक हादरा. मी सुट्टीच्या दिवशी गावाला गेले की आत्याच्या घरात तो ऐकायची. फळीवरची ताटं किणकिणायची. अंगणातल्या कोंबड्या भोंग्याच्या आधीच खुराड्यात शिरून बसायला शिकल्या होत्या. आत्या चुलीपाशी बसून हादरा थांबेपर्यंत भिंतीला तळहात लावून ठेवायची.

"लांब हाय ना गं त्ये टाक्यापासनं?" ती विचारायची.

"हो," मी म्हणायची. आता हे दुसरं खोटं झालं होतं आणि ते पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

त्या वर्षी पाऊस भरपूर झालेला होता. तरी वैशाखी पौर्णिमेला आत्या सहा पायऱ्या मोजत वर आली. लोकांनी सहा म्हटलं, पण जरा थांबून म्हटलं. भाऊ म्हणाले, "मावशी, परत मोजता का?" असं कुणी कधी म्हणालेलं नव्हतं. आत्या पुन्हा खाली गेली. पुन्हा सहाच.

दुसऱ्या दिवशी लोणावळ्याला परतल्यावर मी पुरातत्त्व खात्याला पत्र लिहिलं. कंपनीच्या कागदावर नाही, घरच्या वहीतला कागद फाडून. लेणं कुठं आहे, टाकं कसं आहे, बोगदा कुठून चाललाय. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ते हेच, हे मला लिहितानाही कळत होतं. महिन्याभरात मी नोकरी सोडली. कुणी मला शूर म्हणू नये. तिथं बसवत नव्हतं म्हणून सोडली.

पावसाळ्यात टाकं भरलं तसं मलाही थोडं हायसं वाटलं. पण दिवाळी झाली आणि पाणी उतरू लागलं, ते थांबेना. आत्या एरवी पौर्णिमेशिवाय पायऱ्या मोजत नसे. तिच्या लेखी ते अशुभ. आता ती दर आठवड्याला वर जायची आणि मोजलं नाही असं सांगायची. माघात तिनं मला फोन करून बोलावलं. "काय न्हाई, तू ये," एवढंच म्हणाली.

मी गेले तेव्हा भर दुपार होती. टाक्याच्या पायऱ्यांवर खेकडे होते. टाक्यातले खेकडे आमच्याकडे कुणी धरत नाही, आणि ते उजेडात कधी वर येत नाहीत. आता ते एकामागून एक पायऱ्या चढत होते, काठावर येऊन थांबत होते आणि उन्हात तसेच बसून राहत होते. पाय वाजवला तरी हलेनात. काही मेलेले होते. आत्या लेण्याच्या ओट्यावर बसून त्यांच्याकडे बघत होती. मला भीती वाटली, आणि ती कशाची हे सांगायला मला शब्द शोधावे लागत नाहीत. मी केलेलं काम माझ्यासमोर चालत वर येत होतं.

"ह्यास्नी खाली ऱ्हावंना," आत्या म्हणाली. "काय झालं आसंल गं?"

तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "खात्याला पत्र लिहिलंय आत्या. त्यांची माणसं येतील." ती म्हणाली, "येतील. तू लिवलंयस म्हंजी येतील." आणि उठून मेलेले खेकडे पदरात गोळा करू लागली.

खात्याची माणसं आली ती नेमकी वैशाखी पौर्णिमेला. म्हणजे एकच, तिशीतली एक अधिकारी बाई, पाठीवर पिशवी, पायात बूट, कामशेतहून जीपनं आलेली. लोक नेहमीसारखे मेणबत्त्या आणि हळदकुंकू घेऊन जमले होते. पाणी फार खाली गेलंय हे सगळ्यांना ठाऊकच होतं. आत्यानं चपला काढल्या. ती म्हातारी झालीय आणि खाली खोल होतं, म्हणून मी तिच्या मागोमाग उतरले, आणि ती अधिकारी आमच्या मागोमाग.

आम्ही उतरतच राहिलो. ज्या पायऱ्या मी जन्मात पाहिल्या नव्हत्या त्या पायाखाली येत होत्या. शेवाळ वाळून त्याचे पोपडे निघत होते. वरचं आभाळ लहान होत गेलं. मग पायऱ्या संपल्या आणि सपाट खडक लागला. टाक्याला तळ होता. कोपऱ्यात चिखल होता, त्यात मुठीएवढा ओलावा, आणि दुसरं काही नाही. आत्यानं सवयीनं वाकून बोट पुढं केलं. मग ते तसंच मागं घेतलं.

अधिकारी बाईनं भिंतीवर विजेरीचा उजेड तिरका धरला. खालून तिसऱ्या पायरीच्या वर खडकात अक्षरं होती, अडीच ओळी. तिनं पिशवीतून मऊ ब्रश काढला, पुष्कळ वेळ चाचपत वाचलं, आणि तिचा आवाज बदलला.

"कुणाची तरी लेक आहे. तिनं हे टाकं दान दिलंय. नाव झिजलंय, वाचता येत नाही. पाणी लागायच्या आधीच कोरलं असणार हे."

"बाई हुती व्हय?" आत्या म्हणाली.

"हो आजी, बाईच."

आत्यानं त्या अक्षरांवरून हात फिरवला, कागदावरच्या गाठीवरून फिरवायची तसाच.

अधिकारी बाई खडक बघत होती. भिंतीत कमरेइतक्या उंचीवर तांबड्या मातीचा एक पट्टा होता, वीतभर जाडीचा. "पाणी या पट्ट्यातून झिरपत यायचं," ती म्हणाली. "ज्यांनी टाकं खोदलं त्यांना ही शीर सापडली होती. जिथं असं जुनं टाकं असतं तिथं डोंगराचं पाणी कुठून चाललंय हे दोन हजार वर्षांपूर्वीच कुणीतरी लिहून ठेवल्यासारखं असतं. बोगद्यानं ती शीर पलीकडे तोडली, आता पाणी तिकडे जातंय." तिनं पिशवीतून प्रकल्पाचा मंजूर नकाशा काढला आणि गुडघ्यावर पसरला. "आम्हाला सुरुवातीला नुसतं विचारलं असतं ना, तर आम्ही एवढंच म्हणालो असतो, रेषा जरा सरकवा. आता लेख सापडलाय, आता हे स्मारक नक्की होईल. कुंपण होईल, फलक लागेल." मग ती कोपऱ्यातल्या चिखलाकडे बघून म्हणाली, "नकाशा काढणाऱ्याला इथं काही आहे हे माहीत नसणार. नऊ नंबरला निरंक आहे."

"भाईरचा आसंल कुनी," आत्या म्हणाली. "त्येला काय ठावं?"

आणि ती माझ्याकडे बघून, मला समजावल्यासारखी म्हणाली, "तू लिवलंतंस, त्येनं खोडलं आसंल."

तेवढं बोलून ती वाकली. नकाशावर विजेरीचा उजेड पडला होता. रेषांतलं तिला काही कळत नव्हतं. ती नुसती बघत होती, माणूस परक्या घरात भिंतीवरचे फोटो बघतो तसं. बघता बघता तिची नजर कोपऱ्यातल्या चौकटीवर गेली आणि तिथंच राहिली. तिनं बोट पुढं केलं आणि सहीच्या खालच्या रेघेवरून फिरवत नेलं, शेवटच्या गाठीपर्यंत.

"ही आमची हाय," ती म्हणाली.

अधिकारी बाईला काही समजलं नाही.

"ही तुजी सही हाय."

"हो आत्या."

"मंग तू म्हनलीस की लिवलंय."

"नव्हतं लिहिलं."

ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती खालच्या पायरीवर बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवून. वरून भाऊंची हाक आली. "मावशी! मोजायला घ्या! मानसं थांबल्याती!"

आत्यानं वर पाहिलं नाही. "म्या भाऊला खाली बसवलं," ती म्हणाली. "त्या मांडवात. त्यो उठला हुता, म्या बसवलं." थोड्या वेळानं ती म्हणाली, "आता तू मोज. कागदावर न्हाई सांगता आलं, तोंडानं सांग."

मोजणारं माणूस अनवाणी लागतं. मी चपला काढल्या. खडक गरम नव्हता की गार नव्हता, नुसता कोरडा होता. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि "एक" म्हणाले. आवाज आत्याचा नाही, माझा आहे, हे वर कळलं असणार; जरा उशिरानं वरून आलं, "एक." दोन. तीन. त्या अक्षरांजवळून मी वर गेले. सातपर्यंत लोक माझ्या मागून म्हणत होते.

"आठ," मी म्हणाले.

वरून काही आलं नाही. मी थांबले, कारण म्हणेपर्यंत थांबायचं असतं. खाली आत्या बसली होती, तिचा चेहरा अंधारात दिसत नव्हता. मी पुढची पायरी चढले आणि एकटीच मोजत गेले. सतरा म्हणाले तेव्हा डोकं उन्हात आलं. दोन्ही आळ्या काठावर उभ्या होत्या, हातांत पेटवलेल्या मेणबत्त्या, हळदकुंकवाची ताटं.

भाऊंनी टोपी काढून हातात घेतली होती. "आन् वल्ल्या किती, पोरी?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही भाऊ," मी म्हणाले. "आणि नकाशा मी काढला होता."